तिच्या हाताच्या मापाची युकुलेली

९ जानेवारी

ही डायरी मला निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने दिली. शेवटच्या पानांवर ग्रॅम-किलोची कोष्टकं छापली आहेत. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं तपासत हिंडलेल्या माणसाला दुसरं काय देणार? दीड वर्ष ती कोरीच पडून होती. डायरी जुन्या सालची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. तारखेवर भागवतो. लिहिणार आहे ते फक्त कामाची नोंद म्हणून. मनातलं वगैरे लिहायची मला सवय नाही.

काम असं आहे. हिच्यासाठी इलेक्ट्रिक युकुलेली बनवायची.

ही सव्वीस वर्षं शिशुवर्गाला शिकवत होती. तिथे ती युकुलेली वाजवून मुलांकडून गाणी म्हणवून घ्यायची. युकुलेली म्हणजे चार नायलॉनच्या तारांचं, गिटारपेक्षा बरंच लहान वाद्य. घरीही रोज संध्याकाळी वाजवायची. आता तिच्या डाव्या हाताची बोटं नीट दाबत नाहीत. तारेवर बोट राहतं, पण स्वर फसफसतो. ती जुनी युकुलेली गेले काही महिने खुंटीवरून खाली आलेली नाही.

मागच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. तीन शब्दांचं आहे. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात. आधी हात, मग बोलणं, मग पुढचं. औषध नाही. मी विचारलं, किती वेळ? त्या म्हणाल्या, "ते मोजून सांगता येत नाही." असं तोंडावर सांगणारा माणूस मला नोकरीत कधी भेटला नव्हता. भेटला असता तर मी त्याच्या दुकानाला सील ठोकलं असतं.

पण एक गोष्ट मला रिक्षातच सुचली. इलेक्ट्रिक वाद्याला जोर लागत नाही. तारेला नुसता स्पर्श केला तरी ॲम्प्लिफायर तो मोठा करतो. तारा अगदी खाली बसवल्या, मान बारीक ठेवली, तर ती आरामात वाजवू शकेल. घरी आल्या आल्या तिला सांगितलं.

ती म्हणाली, "करा की. तुमच्या हाताला काहीतरी लागतंच."

१२ जानेवारी

आज हाताची मापं घेतली. व्हर्नियर कॅलिपर कपाटातून काढला, पुसला, शून्य तपासला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि डावा हात पुढे केला.

"दुकानदाराचं वजन तपासल्यासारखं काय बघताय? कमी भरला तर जप्त कराल?"

"हलू नकोस."

तर्जनीची लांबी, करंगळीची लांबी, अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं अंतर, मूठ अर्धी मिटल्यावर आत उरणारी जागा. प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि सरासरी काढली. यावरून मानेची जाडी एकोणीस मिलिमीटर ठरवली. बाजारातल्या कुठल्याच युकुलेलीची मान अशी कुणाच्या हाताबरहुकूम नसते.

मी आकडे लिहीत असताना ती काहीतरी बोलू लागली होती. मी म्हणालो, थांब, दशांश चुकेल. मग विचारलं तर म्हणाली, काही नाही.

२१ जानेवारी

लाकूड आलं. वखारवाल्याने अख्खी वखार फिरवली. अंगासाठी अक्रोड, मानेसाठी महोगनी, वरच्या पट्टीसाठी शिसवीचा तुकडा.

"साहेब, यंदा काय? परत स्टूल?"

मी सांगितलं. त्याने लाकडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढंसं वाद्य, आणि त्याला अक्रोड?" मग विचारलं, कुणासाठी. तेही सांगितलं. आजाराचंही सांगून टाकलं, कसं कोण जाणे. तो आत जाऊन सरळ रेषांचा, एकही गाठ नसलेला तुकडा घेऊन आला. म्हणाला, हा कुणाला द्यायचा नाही म्हणून ठेवला होता.

आतापर्यंत मी सात स्टुलं, दोन खोकी आणि एक डगमगणारं शेल्फ बनवलं आहे. वाद्य हे निराळं प्रकरण आहे. पण माप बरोबर असेल तर काहीही बनतं.

२ फेब्रुवारी

युकुलेलीचं अंग कापलं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत माझं वर्कशॉप आहे. तिथे टेबल, शिकंजे, रंधे आणि एक जुनी जिगसॉ. जिगसॉचं पातं वळणावर भरकटलं आणि डाव्या खांद्याला दोन मिलिमीटर जास्त गेलं. कानशीने सारखं केलं. ठीक दिसतं.

ही दारात येऊन उभी राहिली होती. ओठ हलताना दिसले. मशीन चालू होतं. मी हाताने खूण केली, एवढं वळण होऊ दे. वळण झालं तोवर ती गेली होती.

तक्रार एकच आहे. ही आजकाल माझा वेळ फार घेते. सूप कसं करायचं ते शिका, कपड्यांच्या मशीनचं तिसरं बटण कशाला असतं ते बघा, गॅसवाल्याचा नंबर पाठ करा. तीस वर्षांत कधी सांगितलं नाही ते नेमकं मी कामात असताना सुचतंय. काल अंडं उकडायला उभं केलं. मी घड्याळ लावून सात मिनिटं मोजली, तर म्हणते, "चांगलं झालंय. आता मी नसताना करून बघा." मी म्हटलं, तू कुठे चाललीयेस? ती हसली.

१० फेब्रुवारी

मुलगी दुसऱ्या देशात असते. रविवारी फोन येतो. इतकी वर्षं पद्धत अशी होती की मी उचलायचा आणि म्हणायचं, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." आज मी फोन पुढे केला तर हिने घेतलाच नाही. बाजूला बसून राहिली आणि बोटाने खूण केली, तुम्ही बोला.

काय बोलणार? पलीकडे पोरगीही गडबडली. "बाबा? आई कुठाय?" म्हटलं, इथेच आहे. मग तिला अक्रोडाच्या रेषांबद्दल सांगितलं. गोंद चोवीस तास वाळू द्यावा लागतो हे सांगितलं. चार मिनिटं झाली. घामाघूम झालो.

फोन ठेवल्यावर हिला विचारलं, हा काय चावटपणा? ती म्हणाली, "सवय करा." हल्ली शब्द जरा जड येतात तिचे. जीभ चावल्यासारखे. फोनवर तसं ऐकू जायला नको म्हणून असेल.

१८ फेब्रुवारी

पडदे बसवले. पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. सगळा सूर यांच्यावर. तीनशे एक्याऐंशी मिलिमीटरच्या तारेला पहिला पडदा एकवीस पूर्णांक चारवर, मग पुढचे कमी कमी होत जातात. नवशिके प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजतात आणि चूक वाढवत नेतात. मी सगळे वरच्या टोकापासूनच मोजले. कुठेही पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही. एकतीस वर्षं वाया गेली नाहीत म्हणायचं.

हिला दाखवायला नेलं. तिने उजव्या हाताने पडद्यांवरून बोट फिरवलं. डावा मांडीवर होता.

३ मार्च

सकाळी कप हातून पडला. तिचा आवडता, निळ्या काठाचा. मी तुकडे गोळा केले आणि लगेच दुसऱ्या कपाला लाकडाचा रुंद कान करून बसवला. दुपारी चमच्याला जाड मूठ केली. संध्याकाळी दाराच्या कडीला दोरी बांधली, कोपराने ओढता यावी म्हणून. दिवस चांगला गेला.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "जरा बसाल का?" मी म्हटलं, बसलोय की. तर म्हणाली, "चमच्याकडे बघत नव्हे. माझ्याकडे." मी बघितलं. गालफडं बसली आहेत तिची. मग मी म्हणालो, मूठ अजून जाड करायला हवी का? ती म्हणाली, नको.

११ मार्च

मान अंगाला चिकटवून चार दिवस झाले होते. आज शिकंजे काढून तिच्या हातात दिली.

बोटं मानेभोवती वळेनात. एकोणीस मिलिमीटर जास्त होतात. कॅलिपर आणून मान मोजली: एकोणीस, काटेकोर. मग हात मोजला. मूठ मिटल्यावर आत उरणारी जागा वाढली आहे. म्हणजे बोटं कमी मिटतात. जानेवारीचं माप आता खोटं ठरलं. नोकरीत असं व्हायचं, वजन झिजायचं आणि दुकानदार शपथ घेऊन सांगायचा की कालपर्यंत बरोबर होतं.

दोन मिलिमीटर काढले. रंधा धारदार होता, काम छान झालं.

२६ मार्च

पुन्हा मोजलं. आणखी दीड काढलं. साडेपंधरा.

आता याहून खाली गेलो तर ताराच मान वाकवतील. मी पट्टी लावून बघत होतो, कुठून अजून थोडं निघेल. ती खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती.

"रोज रंधा मारत बसणार का?" ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. "तुमच्या लाकडापेक्षा माझा हात जोरात संपतोय."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हणालो, असं बोलायचं नाही. ती म्हणाली, "मग कसं बोलायचं ते सांगा." मी रंधा उचलून वर्कशॉपमध्ये गेलो. गेलो खरा, पण तिथे करायला काही नव्हतं. रंध्याचं पातं घासत बसलो, आधीच धार होती तरी.

७ एप्रिल

आज लाज गेली. लिहायला नको असं वाटतंय, पण नोंद ती नोंद.

खुंट्या, तारांना टेकू देणारी घोडी, तारा सगळं बसवून झालं. रेडिओवाल्याकडून पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडून स्पीकरकडे पाठवणारा भाग, आणला होता. हा माझा जुना मित्र. माझ्या हद्दीतलं एकच दुकान असं की जिथे मी कधी तपासणी केली नाही, कारण त्याच्याकडे तराजूच नव्हता. त्याने मोडक्या गिटारचा पिकअप काढून दिला. काय बसवतोयस ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तारांच्या खाली खाच करून मी तो बसवला. जोडणी दोनदा तपासली. हिला बोलावून समोर बसवलं. कसरतवालीही होती, ती आठवड्यातून दोनदा हिचे हातपाय हलवून द्यायला येते. तिलाही म्हटलं, बघून जा.

स्पीकर चालू केला. तार छेडली. काही नाही. आवाज वाढवला. काही नाही. पूर्ण वाढवला, तर नुसती गुणगुण, जुन्या फ्रिजसारखी.

रेडिओवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, "तारा कशाच्या?" म्हटलं, नायलॉनच्या. पलीकडे तो इतका वेळ हसला की मला वाटलं फोन कट झाला. "साहेब, पिकअपमध्ये चुंबक असतं. लोखंडाची तार हलली तर त्याला कळतं. नायलॉन हललं काय आणि दोरा हलला काय, त्याला पत्ताच नाही!"

तीन महिने. एक साधी गोष्ट तपासली नाही मी. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका वहीत लिहिणारा माणूस.

ही हसायला लागली. मला वाटलं, चला, निदान करमणूक तरी झाली. मीही हसलो. पण तिचं हसू थांबेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली, डोळ्यांतून पाणी, आणि मग ते हसू राहिलंच नाही, ती रडत होती आणि तेही थांबेना. तोंडाने तिने खूण केली, मी नाही, मी करत नाहीये हे. कसरतवालीने तिला धरलं आणि मला शांतपणे सांगितलं की हेही आजारातच येतं. हसणं-रडणं आपोआप सुटतं.

मी स्पीकरचं बटण हातात धरून उभा होतो. बंद करायला एवढंच होतं.

८ एप्रिल

काही नाही.

२२ एप्रिल

लोखंडी तारा लावायचा विचार मी दोन दिवस केला. त्या बोटांना कापतात. नाही.

रेडिओवाल्याने दुसरा उपाय सांगितला. नाण्याएवढी पितळी चकती मिळते. तिला चुंबक नसतं. ती लाकडाला चिकटवायची, लाकूड थरथरलं की ती ओळखते. तार कशाचीही असो. घोडीखाली चिकटवली. आता आवाज येतो. स्वच्छ, गोड. मला वाजवता येत नाही, पण चार तारा एकापाठोपाठ छेडल्या तर वर्कशॉप भरून गेलं.

ही झोपली होती. हल्ली दुपारी बराच वेळ झोपते. उठवलं नाही.

४ मे

मेहुणी चार दिवस राहायला आली आहे. हिची धाकटी बहीण. स्पष्टवक्ती म्हणवते स्वतःला. आज सकाळी मी चहा करत होतो (आता मला चहा, सूप, अंडं आणि खिमट भात जमतो) तर ती आत आली आणि म्हणाली, "भावोजी, त्या वाद्याचं काय चाललंय?"

मी उत्साहाने सांगितलं. तारा किती खाली घेतल्या, मान किती बारीक केली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताईला गेल्या सप्टेंबरपासून एकही तार दाबता येत नाही. एकही. तुम्हाला सांगितलं नाही का तिने?"

मी म्हणालो, कोण म्हणतं? जानेवारीत तर मी हात मोजला.

"तेच विचारतेय. मोजू कसा दिला तिने?"

कप तसाच ठेवून मी आत गेलो. ही खिडकीपाशी बसली होती. विचारलं, खरं का? तिने मान हलवली, खरं. मग मला चार महिने कशाला राबवलंस? बोलायचं नाही का? मी रंधा मारत बसलो, मापं घेत बसलो, मूर्खासारखा!

तिचा आवाज आता पुटपुटण्याइतका उरला आहे. मला वाकावं लागलं.

"मोजताना तुम्ही माझा हात धरला होतात," ती म्हणाली. "वीस मिनिटं."

दुपारभर पॉलिशचा पहिला हात दिला.

९ मे

मेहुणी गेली. जाताना गेटपाशी थांबून म्हणाली, "भावोजी, तिच्यापाशी बसत जा." सगळे एकच सांगतात. बसून करायचं काय ते कुणी सांगत नाही. बसलं की मला फक्त दिसतं की खांदा कालच्यापेक्षा खाली आहे. ते बघून मी काय करू? कॅलिपर लावू?

पॉलिशचा दुसरा हात.

२० मे

एक गोष्ट कबूल करतो. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

ही बोलते तेव्हा मला अर्धंही कळत नाही. दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, कारण एक वाक्य बोलायला तिला किती जोर लागतो ते दिसतं. मग मी नुसतं "हो" म्हणतो. मान डोलावतो. महिनाभर हेच चाललं आहे. पाटी दिली होती, पण आता उजव्या हातातही खडू टिकत नाही. अक्षरांचा तक्ता केला, बोट दाखवायला. त्यावर तिने एकदाच बोट फिरवलं आणि तक्ता बाजूला सारला.

आज ती काहीतरी बोलली, जरा लांबलचक. मी म्हणालो, "हो, हो."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग एकेक अक्षर ओढून म्हणाली, "काय म्हणाले मी?"

मी हात टेकले, म्हणालो, अगं, खरंच कळलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने डोळे मिटून घेतले. शाळेत एखादं मूल उत्तर चुकलं की ती जशी दुसरीकडे बघायची, ते मूल ओशाळू नये म्हणून, अगदी तसं.

रविवारचा फोन मीच घेतला. मुलीने विचारलं, आई कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे. मग म्हणालो, बरी नाही. तिने तिकीट काढते म्हणून सांगितलं. पंधरा जूनला पोचेल.

१ जून

पॉलिशचा सहावा हात. अक्रोडाच्या रेषा आता पाण्याखाली असल्यासारख्या दिसतात. तारा पडद्यापासून दीड मिलिमीटरवर आणल्या. याहून खाली त्या खडखडतात.

आता कुणासाठी हे करतोस, असं माझं मलाच विचारलं. घोडीच्या कडा घासल्या.

८ जून

आज सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला युकुलेली पूर्ण झाली असं जाहीर केलं. हिला खुर्चीत उशा लावून ताठ बसवलं. स्पीकर जमिनीवर ठेवला, वायर जोडली, आवाज चारवर. वाद्य तिच्या मांडीवर ठेवलं. तिचा डावा हात उचलून मी मानेवर ठेवला आणि उजवा तारांवर.

हात घसरला. पुन्हा ठेवला. बोटाने एक तार जेमतेम हलली आणि स्पीकरमधून बारीक टिंग आलं. तेवढंच. मग दोन्ही हात मांडीत पडून राहिले.

मला आधीच माहीत होतं. मेहुणीने सांगितलं होतं, हिने सांगितलं होतं. तरीही मी म्हणालो, "तारा अजून पाव मिलिमीटर खाली घेतो. दहा मिनिटं दे मला." आणि वाद्य उचलायला वाकलो.

तिने मान हलवली. नाही.

मग ती पुढे झुकायला लागली. मला वाटलं तोल जातोय, मी खांदा धरला. पण ती मुद्दाम झुकत होती. हळूहळू खाली येत तिने हनुवटी युकुलेलीच्या वरच्या कडेवर टेकवली, आणि स्पीकरमधून खरखर आली. केस घासल्यासारखी. दात लाकडाला लागल्याचा टक् असा आवाज आला.

आणि मग तिचा आवाज आला. खोलीभर.

"ऐकू येतंय?"

जड होता, शब्द चिकटलेले होते, पण आवाज तिचा होता. मार्चनंतर मी तो एवढा मोठा ऐकला नव्हता. मी म्हणालो, "येतंय! अगं, ती चकती! हनुवटीच्या हाडातून लाकडात, लाकडातून चकतीत... मला कसं सुचलं नाही हे! थांब, हनुवटीला आधार करतो, एक पट्टी खाली वाकवून..."

"गप्प बसा," स्पीकर म्हणाला.

मी गप्प बसलो.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

मी नेहमीसारखं "हो" म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण प्रत्येक अक्षर ऐकू आलं होतं, आता न कळल्याचं सोंगही करता येईना.

"गुदमरण्याची," ती म्हणाली. मध्ये श्वास घेतला. "मला कधीपासून सांगायचं होतं. तुम्ही कामात होतात."

मी उठलो. कशासाठी ते मला माहीत नाही. आवाजाचं बटण बघितलं, ते चारवरच होतं. वायर बघितली, ती घट्ट होती. काही बिघडलेलं नव्हतं. सगळं मी केलं तसंच चाललं होतं.

"मला काही करून देऊ नका," ती म्हणाली. "बसा."

मी स्टूल ओढून तिच्या गुडघ्याशी बसलो. हात कुठे ठेवायचे ते कळेना, शेवटी तिच्या पायांवर ठेवले. मी म्हणालो, "मला पण वाटते." रडलो. लिहितो आहे कारण नोंद ती नोंद.

तिने हनुवटी उचलली नाही. उचलायला त्राणही नसेल. स्पीकरमधून तिचा श्वास येत राहिला. आत जाताना किंचित घासत, बाहेर येताना लांब. मी तो बंद केला नाही. ऐकत होतो. मध्ये एकदा तो थोडा जास्त थांबला, मग पुन्हा आला.

"मोजताय ना?" ती म्हणाली.

"नाही."

"खोटं."

"एकवीस झाले," मी म्हणालो.

ती हसली. छोटंसं, स्वतःचं, आणि स्वतःहून थांबलं.

"मोजा मग," ती म्हणाली. "पण इथे बसून."

मी बावीसपासून पुढे सुरू केलं.